वाडानी आंडेर: एका जुन्या रशियन भयपटाच्या अहिराणी खेळाचे प्रकरण

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावात आम्ही १९६७ सालचा एक रशियन भयपट दोनदा दाखवला. पहिल्या खेळाला लोक हसले, दुसऱ्याला घाबरले. चुका दोन्ही वेळी झाल्या, पण दुसऱ्या वेळची जास्त लागली. गावाचे, वाचनालयाचे आणि माणसांचे नाव इथे दिलेले नाही. मी त्या चित्रपट मंडळाचा चिटणीस होतो, त्यामुळे खाली जे चुकले म्हणून येईल त्यातले बरेचसे माझ्या देखत, काही तर माझ्या होकाराने झालेले आहे.

पार्श्वभूमी

मंडळ लहान. वर्गणी भरणारे चाळीस-पंचेचाळीस सभासद, वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एक खेळ, भाड्याचा प्रोजेक्टर, आणि वीज गेली तर एका सभासदाच्या घरून उचलून आणलेला इन्व्हर्टर. इराणी, बंगाली, जपानी असे चित्रपट आम्ही दाखवायचो. पंचवीस-तीस माणसे यायची, त्यातली चार-पाच चहापुरती.

'विय' दाखवण्याचा हट्ट सरांचा. सर म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे शिक्षक, आमचे सगळ्यात जुने सभासद. त्यांच्या लहानपणी 'सोव्हिएत देश' हे मासिक घरोघर यायचे, आणि त्याच्या गुळगुळीत, न फाटणाऱ्या पानांची कव्हरे वह्या-पुस्तकांना घालायची पद्धत होती. सरांचे म्हणणे, नववीच्या इतिहासाच्या पुस्तकाला त्यांनी जे कव्हर घातले होते त्यावर शवपेटीत निजलेली एक पोरगी होती, पांढऱ्या कपड्यातली, डोक्यावर फुलांचे कडे घातलेली. वर्षभर ती त्यांच्यासमोर बाकावर होती. चित्रपटाचे नाव त्यांना पुढे तीस-पस्तीस वर्षांनी कळले.

चित्रपटाबद्दल हवे तेवढेच

गोगोलची 'विय' ही कथा १८३५ ची. मॉसफिल्मने केलेला हा चित्रपट तिच्याशी बराच इमानी आहे. कन्स्तान्तिन येर्शोव आणि गिओर्गी क्रपाच्योव हे दोघे नवखे दिग्दर्शक, आणि त्यांच्या पाठीशी अलेक्सांद्र प्तुश्को, म्हणजे परीकथांच्या चित्रपटांतला मुरलेला माणूस. पडद्यावरची भुताटकी मुख्यतः त्याची. सोव्हिएत काळातला पहिला भयपट म्हणून 'विय'चे नाव घेतात. रशियात त्यातले एक वाक्य म्हणीसारखे वापरतात. बाहेर मात्र तो भयपटांच्या वेड्यांपुरताच राहिला. ते वेडे त्याच्यावर जीव टाकतात, बाकीच्यांनी नावही ऐकलेले नसते.

गोष्ट अशी. खोमा ब्रुत हा कीवच्या पाठशाळेतला विद्यार्थी. सुट्टीत घरी जाताना रात्री वाट चुकतो आणि दोन मित्रांबरोबर एका म्हातारीच्या घरी उतरतो. म्हातारी त्याच्या पाठीवर बसते आणि त्याला घोड्यासारखी उडवत नेते. कसाबसा खाली आल्यावर तो काठीने तिला बदड बदड बदडतो. मार खाता खाता म्हातारीची सुंदर तरुण मुलगी होते. खोमा पळून जातो. पुढे त्याला निरोप येतो, की एका मोठ्या जमीनदार सरदाराची मुलगी मार खाऊन घरी आली आणि मेली, आणि मरताना तिने सांगितले की माझ्यापाशी तीन रात्री पोथी वाचायला खोमालाच बोलवा. तीन रात्री पडक्या देवळात तो आणि ती पेटी. तो स्वतःभोवती खडूने रिंगण आखतो. पहिल्या रात्री ती उठते आणि रिंगणाबाहेर चाचपडते. दुसऱ्या रात्री पेटीच उडते. तिसऱ्या रात्री ती 'विय'ला बोलावते, ज्याच्या पापण्या जमिनीपर्यंत लोंबतात. गोगोलने टीप दिली आहे की विय हा लोकांच्या कल्पनेतला राक्षस. लोककथा धुंडाळणाऱ्यांना तो या नावाने कुठे सापडलेला नाही. गोगोलने लोकांच्या नावावर आपली बिले फाडली, एवढेच.

मुलीचे काम नताल्या वार्ली या सर्कशीतून आलेल्या नटीने केले आहे. म्हातारीचे काम मात्र पुरुषाने, निकोलाय कुतुझोवने. आमच्याकडच्या सोंगाड्या पार्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांच्या हे पहिल्या मिनिटात लक्षात आले. मला कुठेतरी वाचावे लागले.

पहिला खेळ

हक्कदारांकडून एका विनातिकीट खेळाची लेखी परवानगी मागवण्यात दोन महिने गेले. पडद्याखालच्या पाट्या, म्हणजे सबटायटल्स, इंग्रजी होत्या. कधी नव्हे ती साठ माणसे आली, कारण फलकावर मी 'भयपट' असे मोठ्या अक्षरात लिहिले होते.

सुरुवातीला लोक हसले ते बरोबरच होते. पहिली वीस मिनिटे गंमतच आहे, पाठशाळेतली पोरे बकऱ्या-कोंबड्यांवर डल्ला मारतात, गुरुजींची नक्कल करतात. पण म्हातारी पाठीवर चढली तेव्हाही तेच हसू चालू राहिले, मुलगी पेटीतून उठली तेव्हाही. तिसऱ्या रात्री भिंतींतून हात निघाले, राखाडी तोंडाची भुते उतरली आणि चिखलाच्या ढिगासारखा विय डुलत डुलत पुढे आला, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी "गणपती बाप्पा" असे ओरडले आणि सगळी माडी "मोरया" म्हणाली. खरे सांगायचे तर आमच्या मंडळांच्या आरासीत याहून बरे राक्षस असतात.

सर शेवटपर्यंत उभे होते. दिवे लागल्यावर त्यांनी खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या, कोणाशी बोलले नाहीत.

अडचण नेमकी कोणती

त्या रात्रीच दोन मते पडली. सरांचे मत की चित्रपट म्हातारा झाला, आजच्या पोरांना ही भुते पुठ्ठ्याची वाटणारच. माझे मत की फलक चुकला. दोन्ही मते घरी बसून बनवलेली होती, म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही आलेल्यांपैकी पंधरा-वीस जणांना गाठून विचारले. भुतांबद्दल फार कोणी बोलले नाही. जवळपास सगळे पाट्यांबद्दल बोलले. एका बाईंनी सांगितले ते असे: "मी खालचं वाचून वर बघायची तोवर ती पोरगी उभी राहिलेली असायची. उठताना मी तिला एकदाही पाहिली नाही."

म्हणजे भीतीची जागा होती तिथे लोक वाचत होते. आणि वाचून झाल्यावर वर बघितले की समोर नुसता मेकअप.

पर्याय

सोडून देणे हा पहिला पर्याय, आणि मंडळातल्या निम्म्या लोकांना तोच बरा वाटला. मराठी पाट्या करणे हा दुसरा. ते काम घरच्या संगणकावर होते, भाषांतराला पाच-सहा आठवडे पुरले असते. पण डोळा खालीच राहणार हा मूळ आजार त्याने जात नव्हता, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना मराठी पाट्याही त्या वेगाने वाचवत नाहीत. मराठी आवाज भरून घेणे हक्कांच्या दृष्टीने अवघड होते.

चौथा पर्याय सुचवला तो वाचनालयाच्या शिपायाने. त्याचे म्हणणे, पडद्याशेजारी माणूस उभा करा आणि त्याला सांगू द्या. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हेच चालायचे, थिएटरात गोष्ट सांगणारा ठेवलेला असे. त्याला हा इतिहास ठाऊक नव्हता. त्याच्या आजीसाठी तो हिंदी चित्रपट असेच सांगत बसायचा, एवढेच.

हक्कदारांना पुन्हा पत्र लिहिले, दुसरा खेळ आणि शेजारी थेट निवेदन असे स्पष्ट लिहून. या वेळी होकार लवकर आला. पत्रात ध्वनिमुद्रणाचा विषय आम्ही काढला नाही. तो पुढे निघाला.

आप्पा आणि भाषा

निवेदनाला आप्पा ठरले. आप्पा वहीगायन, म्हणजे डफावरचे खानदेशी लोकगायन, करणारे, सत्तरीला टेकलेले. कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या लोकदेवीच्या, जागरणाला रात्रभर उभे राहणारा माणूस. रशियन, गोगोल, मॉसफिल्म यातले त्यांना काही ठाऊक नव्हते, आणि चित्रपट दाखवल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "याले रातले झोप कशी लागनी व्हई?" हाच, म्हणजे बनवणाऱ्याला.

भाषेवर थोडी चकमक झाली. आमच्या गावात निम्मे अहिराणी बोलणारे, तर यावल-फैजपूरकडून आलेली बरीच घरे लेवा बोलीची. लेवा बोलीवाल्या सभासदांनी प्रमाण मराठीचा आग्रह धरला, कारण अहिराणीपेक्षा ती सगळ्यांना परकी, म्हणजे सारखी. आप्पांनी दोन मिनिटे प्रमाण मराठीत करून दाखवले. आकाशवाणीवरच्या बाजारभावासारखे वाटत होते. तिथे तो वाद संपला.

मानधनाचेही इथेच सांगतो. आम्ही शाल-श्रीफळ म्हटले. आप्पा म्हणाले, "शाली पाच शेत घरमा." घरात पाच शाली आहेत. मग पाकीट ठरले.

शब्दाचा प्रश्न

तिसऱ्या तालमीला एक ताई येऊन बसल्या. त्या सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अंधश्रद्धेविरुद्ध काम करतात. सरांच्या विद्यार्थिनी, गावी आल्या होत्या म्हणून सहज आलेल्या. आप्पा पहिल्या रात्रीचा प्रसंग सांगत होते. पेटीचे झाकण सरकले आणि आप्पा बोलले, "डाकीण ऊठनी."

ताईंनी तालीम होऊ दिली. चहाच्या वेळी म्हणाल्या, "आप्पा, शब्द तुमचाच आहे, मी कोण सांगणार. पण आमच्याकडे हा शब्द एखाद्या बाईच्या दारात येतो तेव्हा त्याच्यामागून काठ्या येतात."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: नंदुरबारच्या डोंगराळ भागात कोणाचे लेकरू दगावले, गुरे मेली, की एखाद्या बाईला डाकीण ठरवले जाते. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, जीवही गेलेले आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि असा छळ गुन्हा ठरला, पण शब्द आहे तिथेच आहे. सपाटीवर आम्ही तो आगाऊ पोरीला रागवताना वापरतो. डोंगरात तो निकाल असतो.

आप्पांना राग आला नाही, पण पटलेही नाही. "ताई, आमना गावमा हाऊच शब्द शे. नाव गाव देस, मी नही देत." गाव नाव देते, मी नाही. ताई म्हणाल्या, "तेच तर म्हणतेय मी."

सरांनी वेगळी बाजू धरली, आणि ती हलकी नव्हती. गोगोलच्या कथेत ती चेटकीणच आहे, तिथे शंका ठेवलेली नाही. उडते, रक्त पिते, भुते बोलावते. ते पुसले तर खोमा घाबरतो कशाला? आपण जपून जपून त्या चित्रपटाचा प्राणच काढून घेणार का?

मी मधला मार्ग म्हणून 'चेटकीण' सुचवला. आप्पांनी तोंड वाकडे केले. "चेटकीण पुस्तकमा ऱ्हास." पुस्तकात राहते. त्यांचे बरोबर होते. तो शब्द तोंडातून काढताना माझाच आवाज मराठीच्या तासासारखा होत होता.

मग ताईंनी एक गोष्ट दाखवली जी आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती, सरांनी पन्नास वर्षे मनात धरूनही. त्यांनी चित्रपट मागे न्यायला सांगितला, काठीच्या प्रसंगापाशी. म्हणाल्या, ती उडवते, तो घाबरतो, इथवर ठीक. पण ती खाली पडल्यावरही तो मारतोच आहे. मग ती मुलगी दिसते, आणि ती पडलेली असते. मुलगी मेली ती या मारानेच. पुढचा सगळा चित्रपट लोक विचारतात की ही कोण होती. तिला कोणी मारले हे तिचा बापही धड विचारत नाही. गोगोलच्या कथेच्या शेवटी खोमाचे मित्र दारू पिता पिता बोलतात, त्यातला एक म्हणतो की खोमा मेला कारण तो भ्याला, आणि आमच्या कीवच्या बाजारात बसणाऱ्या सगळ्या बाया चेटकिणीच आहेत. विनोद म्हणून. ताई म्हणाल्या, हा विनोद मी धडगावच्या बाजारात ऐकलेला आहे.

खूप वेळ कोणी बोलले नाही. मग आप्पांनीच मार्ग काढला. सांगणाऱ्याने तिला नावच द्यायचे नाही. म्हातारी ती 'डोकरी'. मुलगी ती 'आंडेर', म्हणजे लेक. तिला काय म्हणायचे ते खोमाने म्हणावे, तेही एकदाच, मारताना. आधी 'पाटीलनी आंडेर' असे ठरले होते, पण निम्मी माडी पाटलांनी भरणार हे लक्षात आल्यावर 'वाडानी आंडेर' झाले.

सरांनी मान्य केले, पण त्यांना पूर्ण पटल्याचे मला कधी वाटले नाही. आजही ते म्हणतात की भीती थोडी कमी झाली. मला उलट वाटते. नाव नसलेली मुलगी पेटीतून उठते तेव्हा तिच्याकडे बघावे लागते.

तयारी

पाच तालमी झाल्या. अडचणी साध्या होत्या आणि वेळ त्यांनीच खाल्ला. पडद्याशेजारी उभ्या माणसाला पडदा तिरका दिसतो, म्हणून आप्पांच्या पायाशी एक छोटा टीव्ही ठेवला. चित्रपटाचे संवाद आणि कारेन खाचातुरियानचे संगीत एकाच पट्टीवर, त्यामुळे संवाद दाबले की संगीतही दबायचे. मिक्सरवर सर बसले. कुठे पट्टी खाली घ्यायची, कुठे सोडायची, याच्या खुणा त्यांनी प्रयोगवहीच्या पानावर मिनिट-सेकंदासह लिहिल्या, लाल पेनाने समास आखून.

दुसऱ्या रात्रीच्या प्रसंगात आप्पांनी एक शब्दही बोलायचा नाही असे ठरले. तिथे पेटी देवळात घिरट्या घालते आणि रिंगणावर आदळते. तिथे सांगण्यासारखे काही नाही.

आप्पांना स्वतःभोवतीही रिंगण हवे होते, उदीचे. ताईंनी हात जोडले. शेवटी शाळेचा पांढरा खडू आणला. खेळाच्या दिवशी दिवे मालवायच्या आधी आप्पा गुडघ्यावर बसले, एका हाताने धोतराचा सोगा धरला आणि दुसऱ्याने फरशीवर गोल ओढला. अर्ध्यावर खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने त्यांनी सुरुवातीच्या रेघेपाशी नेऊन गोल नीट जुळवला, बोटाने चाचपून पाहिला, आणि आत जाऊन डफ घेतला. एवढ्यानेच माडी गप्प झाली होती. चित्रपट अजून सुरूही व्हायचा होता.

दुसरा खेळ

खेळ सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांपुरता, चौदा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, असे फलकावर लिहिले होते. दारात मी होतो. एक आजी सातवी-आठवीतल्या नातवाला घेऊन आल्या, मग आणखी एक, मग वसतिगृहातल्या चार-पाच मुलांना घेऊन त्यांचे सर. मी सगळ्यांना आत सोडले. नव्वद खुर्च्या भरल्या, बाकीचे खिडक्यांत.

सुरुवातीची गंमत आप्पांनी चित्रपटापेक्षा जास्त रंगवली. काठीचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी खोमाचे ते एक वाक्य म्हटले, ठरल्याप्रमाणे, आणि डफ खाली ठेवला. सरांनी पट्टी वर सोडली. फक्त काठीचे फटके. ते इतके लांबतात हे मला तेव्हा कळले. समोरच्या खुर्चीतले कोणीतरी "बस ना आते", बस ना आता, म्हणाले, अगदी हळू.

पहिली रात्र. मुलगी उठते, रिंगणापाशी येते आणि हवेला हात लावते, जशी तिथे काच आहे. आप्पा जवळजवळ कुजबुजत होते: "भित चाचपी राहिनी... भित नही शे, तरी चाचपी राहिनी." भिंत नाही, तरी चाचपते आहे. दुसऱ्या रात्री ठरल्याप्रमाणे गप्प. खोमाचे केस पांढरे झालेले दिसले तेव्हा एकदाच डफावर बोट वाजवले. तो ठोका तालमीत नव्हता.

तिसरी रात्र. भुते उतरली, कोणी हसले नाही. हवा अशी ताणलेली, की मागच्या रांगेतला एक तरुण न राहवून ओरडला, "आप्पा, डाकीण वनी!" डाकीण आली. आणि आप्पांनी तो शब्द उचलला. "डाकीण वनी! डाकीण वनी रे भो!" डफ वाजला, माडीवर काटा आला. त्यांनी तो शब्द आणखी दोनदा घेतला आणि मग एकदम थांबले. मला वाटते त्यांना तेव्हाच कळले. मिक्सरपाशी सरांनी मान खाली घातली.

पुढे विय आला. आप्पांचा आवाज पोटातून निघाला: "मन्ह्या पापन्या वर करा. माले दिखत नही." ज्याने महिन्यांपूर्वी "मोरया" म्हटले असेल तोही त्या माडीवर असणार. कोणी श्वास घेत नव्हते. "दखू नको, भो. दखू नको." बघू नको. खोमाने पाहिले. एका आजीने नातवाचे डोळे हाताने झाकले आणि स्वतः बोटांच्या फटीतून पाहिले.

काय निष्पन्न झाले

चर्चेला पन्नासेक माणसे थांबली. आमच्यासाठी तो उच्चांक. एक आशाताई, म्हणजे आशा आरोग्यसेविका, माहेर शहाद्याच्या वरचे, उठून म्हणाल्या, "त्यानं तिला मारलं, आणि पोथी वाचायलाही त्यालाच बसवलं. ती दुसरं काय करणार होती?" उत्तर कोणी दिले नाही. सरांनी ते वाक्य प्रयोगवहीत लिहून घेतले.

ताई खेळाला नव्हत्या, डोंगरात होत्या. मी फोन करून सगळे सांगितले, घसरलेल्या शब्दासकट. त्यांनी आप्पांना दोष दिला नाही. "गाणाऱ्याला प्रेक्षक शब्द देतो, तो घेतो. हे तुम्हाला आधी कळायला हवं होतं, मलाही."

चारेक दिवसांनी शाळेतून वसतिगृहाच्या सरांचा फोन आला. मुले मधल्या सुट्टीत खडूने रिंगण आखून खेळत होती. एक आत बसतो, बाकीचे भुते, आणि एक मुलगी डाकीण. खेळ गमतीचा, पण डाकीण रोज एकच मुलगी. पाड्यावरून आलेली, नव्या प्रवेशाची. तिसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत वर्गातून बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी, सर आणि आप्पा शाळेत गेलो. मी भाषण तयार केले होते. आप्पांनी ते करू दिले नाही. ते मैदानावर गेले, मुलांचे रिंगण पाहिले, ते अर्धवट आखले म्हणून नाक मुरडले आणि पुन्हा आखून दिले. मग नियम सांगितला की आत बसणारा रोज बदलतो तशी पेटीतलीही रोज बदलली पाहिजे, आणि तिचे नाव आंडेर, दुसरे काही नाही. पहिली आंडेर ते स्वतः झाले. सत्तरीचा माणूस धोतर सावरत मैदानात आडवा झाला आणि डोळे मिटून उठला. मुले किंचाळत पळाली, ती मुलगीही. खेळ आठवडाभर चालला, मग टेनिस बॉल आला आणि रिंगणाची क्रीज झाली.

तिच्या घरी जाऊन बोलायला हवे होते का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. वसतिगृहाच्या सरांनी नको म्हटले, बोभाटा होईल म्हणून. आम्ही ऐकले.

आज केले तर

शब्दाचा करार आम्ही फक्त आप्पांशी केला. तो माडीशीही करायला हवा होता. खेळाआधी दोन मिनिटांत सांगता आले असते की आज सांगणारा या मुलीला नाव देणार नाही, तुम्हीही देऊ नका, आणि का. तेव्हा आम्हाला वाटले की आधीच उपदेश केला तर मजा जाईल. वहीगायनात, तमाशात समोरून आलेला शब्द झेलणे ही कलावंताची अर्धी कमाई असते हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तरी आम्ही त्याला संहिता देऊन निर्धास्त झालो.

दारात मुलांना अडवायला हवे होते. मला गर्दी हवी होती, हे त्याचे खरे कारण.

ताईंना फक्त तालमीला न बोलावता त्यांच्या सोयीने तारीख ठरवायला हवी होती. त्या आठवडाभर थांबा म्हणत होत्या. प्रोजेक्टरचे भाडे आम्ही आगाऊ भरले होते, ते साडेआठशे रुपये आम्हाला जास्त वाटले.

आप्पांना घ्यायचा निर्णय मात्र मी पुन्हा तोच घेईन, आणि दुसऱ्या रात्रीचे मौनही. सरांना विचाराल तर ते आधी दुसरा चित्रपट घ्यायला सांगतील. त्यांच्या मनात एक आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या कव्हराचा तो कागद मात्र त्यांनी या खेळानंतर कपाटातून काढून मला दाखवला, घड्यांवर फाटलेला, चारही कोपऱ्यांना डिंकाचे डाग.

आणि ध्वनिमुद्रण. आम्ही ना फलकावर मोबाईल बंद ठेवा असे लिहिले, ना दारात सांगितले, ना हक्कदारांच्या पत्रात तो विषय काढला. खिडकीतल्या कोणीतरी तिसरी रात्र मोबाईलवर घेतली. ती क्लिप अजून फिरते आहे. धुळ्याच्या एका पाहुण्याने मला ती परवा आनंदाने दाखवली, हे तुमचेच आप्पा ना म्हणून. पापण्यांचे वाक्य तिच्यात नाही, काठीचे फटके नाहीत, मौन नाही. वीसेक सेकंदांची आहे. डफ वाजतो, आणि आप्पा तो शब्द तीनदा म्हणतात.